धातूचा ताप : आंबा घाट चढणाऱ्या पिकअपला तापमानाचा अलार्म बसवताना

(दृश्य : सकाळची पहिली उन्हे. हातखंबा तिठ्याजवळचे गॅरेज. पिकअपचे बॉनेट उघडे.)

एप्रिलचा दुसरा आठवडा सुरू आहे. रत्नागिरीच्या बागांतून उतरलेल्या हापूसच्या पेट्या दररोज दुपारी अशा गाड्यांत रचल्या जातात आणि पाली, नाणीज, साखरपा हे टप्पे मागे टाकून आंबा घाटाने कोल्हापूरच्या बाजाराकडे निघतात. साखरपा सोडल्यावर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये सह्याद्री चढू लागते. त्या वेळी इंजिन सर्वांत जास्त राबत असते आणि वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरून मिळणारा वारा मात्र सर्वांत कमी असतो. एरवी सपाट रस्त्यावर लपून राहिलेला कूलिंगचा दोष याच चढावर उघडा पडतो.

ही गाडी गेल्या हंगामात याच घाटात थांबली होती. रेडिएटरचा खालचा होज पाईप चिरला, पाणी वळणावळणावर सांडत गेले आणि डॅशबोर्डावरील तापमानाचा काटा वर चढण्याऐवजी खाली आला. मालक स्वतःच गाडी चालवतात. काटा उतरला म्हणजे इंजिन निवले, असे त्यांना वाटले. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकले, त्याखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, गेले आणि पेट्या दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागल्या.

(दृश्य : मिस्त्रींच्या तळहातावर पितळी सेन्सर.)

मिस्त्रींच्या हातातील हा पितळी तुकडा म्हणजे त्या काट्याचा डोळा. त्याचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असते आणि भोवतीच्या पाण्याचे तापमान तो काट्याला कळवतो. पाणी जागेवर आहे तोपर्यंत त्याचे सांगणे खरे असते. पाणी निघून गेले की त्याच्याभोवती केवळ हवा आणि थोडी वाफ उरते. ही हवा त्याला पाण्याइतकी उष्णता पोहोचवू शकत नाही, त्यामुळे शेजारचा धातू भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चालकाने काटा पाहिला नाही, असा दोष अशा प्रसंगी सहज दिला जातो. या चालकाने काटा पाहिला होता, आणि पाहिला म्हणूनच तो चढत राहिला. हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

(दृश्य : रेडिएटरच्या टोपणावर गोल तापमापक असलेल्या जुन्या मोटारीचे छायाचित्र.)

इंजिनाचा ताप चालकाला बसल्या जागेवरून दिसावा, ही गरज मोटारीइतकीच जुनी आहे. १९१२ साली अमेरिकेत पेटंट मिळालेले बॉइस मोटोमीटर थेट रेडिएटरच्या टोपणावर बसत असे. त्यातील तापमापक पाण्याच्या वरची वाफ मोजत असे आणि चालकाला काचेतून त्यातील चढता रंगीत स्तंभ दिसत असे. पुढे हे मोजमाप डॅशबोर्डावर आले. आज अनेक गाड्यांत काटा बराच काळ मध्यावरच स्थिर राहील अशी योजना असते, आणि काही गाड्यांत तर काटाही नसतो, केवळ एक लाल दिवा असतो. सोय वाढली, परंतु चालकाला मिळणारी माहिती कमी झाली.

आज बसवला जाणारा अलार्म पाण्याचे तापमान मोजत नाही. तो धातूचे तापमान मोजतो, आणि त्याची खरी किंमत या एका फरकात आहे. तांब्याच्या चपट्या थिंबलमध्ये, म्हणजे बोल्टखाली दाबता येणाऱ्या कडीत, बसवलेला मण्याएवढा थर्मिस्टर हा त्याचा सेन्सर आहे. सामान्य तारेचा विद्युतरोध तापल्यावर वाढतो, तर याचा झपाट्याने घटतो. २५ अंश सेल्सिअसला १० हजार ओहम असणारा रोध १०० अंशांना हजार ओहमच्याही खाली येतो. काही पदार्थ असे उलटे वागतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडचा अभ्यास करताना नोंदवले होते. काडेपेटीएवढी डबी हा बदल वाचून आकडा दाखवते आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की बजर वाजवते.

(दृश्य : स्टोव्हवरील पातेल्यात उकळते पाणी, तारेने आत सोडलेला सेन्सर.)

मिस्त्री कोणताही सेन्सर आधी पाण्यात उकळल्याशिवाय इंजिनाला लावत नाहीत. कोकणपट्टी समुद्रसपाटीपासून फारशी उंच नसल्यामुळे येथे पाणी १०० अंशांच्या अगदी जवळ उकळते, त्यामुळे घरातले पातेले हीच येथील प्रयोगशाळा होते. डबीवर ९९ उमटतो. मर्यादा तात्पुरती ९५ वर आणताच बजर वाजतो. त्यानंतर ते सेन्सरची एक तार सोडून पाहतात. तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि साध्या यंत्राला इंजिन अतिथंड असल्याचा भास होतो. चांगल्या यंत्राने अशा वेळी आकडा न दाखवता बिघाडाची सूचना द्यायला हवी. ही डबी ती देते.

(दृश्य : इंजिनाचा जवळून भाग. बोटाने दाखवलेला बोल्ट.)

सेन्सर कोठे बसवायचा, या निर्णयावर बाकीचे सर्व अवलंबून आहे. इंजिन रात्रभर थंड झालेले आहे. थिंबल कोणत्या तरी बोल्टखाली दाबून बसवायचे असते, पण तो बोल्ट हेड ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खालच्या भागाला, आवळणारा असून चालत नाही. ते बोल्ट ठरावीक क्रमाने आणि ठरावीक ताकदीने आवळलेले असतात आणि त्यांतील एक जरी सैल केला तरी गॅस्केटवरचा दाब बिघडतो. मिस्त्री बराच वेळ केवळ पाहत राहतात. एक्झॉस्टच्या बाजूचा बोल्ट हाताशी असूनही ते तो नाकारतात, कारण तेथे हेडऐवजी धुराड्याचीच उष्णता मोजली जाईल. अखेरीस पाण्याचा रेडिएटरकडे जाणारा प्रवाह उघडणाऱ्या झडपेचे, म्हणजे थर्मोस्टॅटचे, आवरण जेथे हेडला मिळते, तेथील बोल्ट निवडला जातो. जागा एमरी पेपरने घासून चकचकीत केली जाते, कारण गंज आणि रंग यांचा पातळ थरही उष्णता अडवतो.

पुढचे काम वायरिंगचे आहे. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत हलत असल्यामुळे तारेला थोडी ढील ठेवली जाते. तार उष्णता सोसणाऱ्या स्लीव्हमधून, फॅनच्या पात्यांपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेली जाते आणि पत्र्याच्या धारेला घासू नये म्हणून पत्र्याच्या छिद्रात आधीच असलेल्या रबरी कडीतून, म्हणजे ग्रॉमेटमधून, केबिनमध्ये घेतली जाते. वीज अशा तारेवरून घेतली जाते, जिला चावी फिरवल्यावरच पुरवठा होतो, आणि जोडाच्या जवळच १ अँपिअरचा फ्यूज बसतो. अर्थिंगची तार मात्र रंगवलेल्या पत्र्यावर न घेता उघड्या धातूवर घेतली जाते. डबी स्टीअरिंगच्या आड न ठेवता काचेच्या कडेला, नजर फारशी न हलवता दिसेल अशी लावली जाते. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून आणि इंजिन रेस करून बजर ऐकून पाहिला जातो. “भाऊ, हॉर्न वाजवून बघा,” असे मिस्त्री सांगतात. बजर हॉर्नवरही ऐकू येतो.

(दृश्य : आंबा घाट, दुपार. चढणारी भरलेली पिकअप. केबिनमधून डबीचा आकडा.)

अलार्म कितीवर ठेवायचा, हे दुसऱ्या गाडीकडे पाहून ठरवता येत नाही. प्रत्येक इंजिनावरील सेन्सरची जागा वेगळी असते आणि जागा बदलली की आकडा बदलतो, म्हणून पूर्ण भार घेऊन, भर उन्हात आपल्याच चढावर त्याची नोंद घ्यावी लागते. साखरप्याजवळ ८७. पहिल्या वळणांवर ९२. ट्रकच्या मागे अडकून चढताना ९७. घाटमाथ्याच्या अलीकडे ९९, आणि तेथेच तो स्थिरावतो. मे महिन्यात यात दोन-तीन अंशांची भर पडेल, हे धरून मर्यादा ११० ठरते. ती १०० वर ठेवली असती, तर बजर रोजच ओरडला असता आणि रोज ओरडणाऱ्या बजरची तार चालक एक दिवस काढून टाकतो, हे मिस्त्रींनी अनेकदा पाहिले आहे.

बजर वाजला तर पाय उचलून गाडी सुरक्षित जागी घ्यायची, पाणी गळत असल्यास इंजिन लगेच बंद करायचे आणि रेडिएटरचे टोपण इंजिन निवेपर्यंत उघडायचे नाही. दाबाखालील पाणी टोपण उघडताच वाफ होऊन अंगावर उडते.

(दृश्य : आंबा गाव. रस्त्याकडेला उभी गाडी.)

घाट संपल्यावर मालक गाडी कडेला घेतात, इंजिन चालू ठेवतात आणि डबीवरील बटण दाबून ११० हा आकडा स्वतःच्या हाताने पक्का करतात. खाली गळती नाही, हे वाकून पाहतात. मागे दोरखंड एकदा ओढून पाहतात. मलकापूरच्या दिशेने गाडी निघते तेव्हा डबीवर ९३ असतो, मग ९०, मग ८८.