स्टोरी उडते, रिप्लाय राहतो

नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेक जण कोणते ना कोणते खाते चालवतात. कोणी स्वतःचे, कोणी संस्थेचे, कोणी व्यवसायाचे. म्हणून प्रस्तावना न लांबवता एका साध्या फरकापासून सुरुवात करते. पोस्टखाली कोणी काही लिहिले, तर ते चारचौघांत लिहिलेले असते. इतरांना ते दिसणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि त्या हिशेबानेच तो शब्द निवडतो. स्टोरीला दिलेले उत्तर मात्र थेट तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडते. म्हणजे बोलणारा व्यासपीठावरून सगळ्यांशी बोलला आणि ऐकणाऱ्यांपैकी एक जण उठून जवळ आला व हळू आवाजात काही सांगून गेला, असा हा व्यवहार आहे. आपण त्याला 'एंगेजमेंट' म्हणतो आणि आकड्यात मोजतो, तिथेच गडबड सुरू होते.

हा प्रकार तसा फार जुना नाही. २४ तासांनी नाहीशी होणारी स्टोरी स्नॅपचॅटने २०१३ मध्ये आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती घेतली, २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटसही त्याच रूपात आले. यांपैकी कुठेही उत्तर दिले, तरी मुळात ते खासगी संवाद म्हणूनच जात असे. इन्स्टाग्रामने पुढे २०२४ मध्ये स्टोरीवर इतरांना दिसणाऱ्या कॉमेंटचीही सोय दिली, पण लोकांची सवय बदललेली नाही. मनातले काही सांगायचे असेल, तर माणूस अजूनही रिप्लायच करतो.

आता या रिप्लायांकडे जरा बारकाईने पाहू. एका स्टोरीला आलेले सगळे प्रतिसाद एकाच वजनाचे नसतात. टाळ्या, ज्वाळा किंवा हसरा चेहरा पाठवायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. त्यात 'मी पाहिले' एवढेच म्हटलेले असते. २०२२ पासून इन्स्टाग्रामवर स्टोरीला दिलेला लाइक इनबॉक्समध्ये न येता पाहणाऱ्यांच्या यादीत दिसतो, आणि माझ्या मते या सगळ्या बदलांमध्ये हा सर्वांत शहाणपणाचा होता, कारण त्यामुळे नुसती मान डोलावणारा आणि खरोखर बोलायला आलेला यांच्यात फरक करणे सोपे झाले. एका चिन्हाला चिन्हाने उत्तर दिले नाही, तर कोणाचाही अपमान होत नाही. पण ज्याने कीबोर्ड उघडून एक पूर्ण वाक्य लिहिले आहे, त्याने तुम्हाला वेळ दिलेला असतो. 'आभार' आणि दोन जोडलेले हात एवढ्यावर त्याची बोळवण केली, तर त्याला ते कळते, आणि पुढच्या वेळी तो लिहीत नाही. तुमच्या आकडेवारीत ही घट कधीच दिसणार नाही. लिहिणारा फक्त गप्प होतो.

प्रतिसाद मागण्याची साधने आली, तेव्हा हा प्रश्न मोठा झाला. इन्स्टाग्रामवर ऑक्टोबर २०१७ मध्ये पोलचे स्टिकर आले आणि जुलै २०१८ मध्ये लोकांकडून लेखी उत्तरे मागणारी प्रश्नपेटी आली. दोन्ही वापरायला अतिशय सोपी आहेत आणि तोच त्यांचा धोका आहे. पोलमध्ये मत देणाऱ्या पुष्कळ जणांना असे वाटते की आपण गुप्त मतदान करत आहोत. प्रत्यक्षात स्टोरी टाकणाऱ्याला कोणी कोणत्या बाजूला मत दिले, हे नावासकट दिसते. 'तुम्ही सध्या नैराश्यात आहात का? हो किंवा नाही' असा पोल मी एका चांगल्या हेतूने चाललेल्या खात्यावर पाहिला आहे. विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, यात मला शंका नाही. पण 'हो' म्हणणाऱ्यांची एक नावानिशी यादी त्या क्षणी कोणाच्या तरी फोनमध्ये तयार झाली आणि त्या यादीचे काय करायचे, याचा कोणी विचार केलेला नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर माणूस आपल्या नावासह फळ्यावर लिहिणार नाही, तो प्रश्न पोलमध्ये घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नपेटीबद्दल बोलताना मी नेहमी एक सोपा हिशेब मांडते. समजा, तुम्ही पंधरा सेकंदांत एक प्रश्न टाकला आणि ४०० जणांनी उत्तर दिले. एक उत्तर वाचून त्याला दोन ओळी लिहायला ३० सेकंद लागतात असे धरले, तर १२,००० सेकंद होतात, म्हणजे २०० मिनिटे, म्हणजेच तीन तास वीस मिनिटे. आणि हे मध्ये पाणी प्यायलाही न उठता. विचारायला पंधरा सेकंद आणि ऐकायला सव्वातीन तासांहून अधिक वेळ, असे हे व्यस्त प्रमाण आहे. त्यामुळे 'रोज एक प्रश्न टाका, रिच वाढतो' हा सल्ला कोणी दिला, की मी त्याला विचारते, वाचणार कोण? आपल्याकडे जितकी उत्तरे वाचण्याची ताकद आहे, तितकेच प्रश्न विचारावेत. आठवड्यातून एकच प्रश्न विचारला आणि त्याची उत्तरे खरोखर वाचली, तर दुसऱ्या आठवड्यात लोक अधिक नीट लिहितात. हे मी स्वतः अनुभवलेले आहे.

सगळ्यांना वैयक्तिक उत्तर देणे शक्य नसेल, तर ते आधीच सांगावे. 'सगळी उत्तरे वाचणार आहे, प्रत्येकाला लिहिता येईलच असे नाही' ही एक ओळ प्रश्नाखाली टाकायला काहीच लागत नाही. तिच्यामुळे लिहिणारा वाट पाहत बसत नाही.

आता चुकीबद्दल सांगते, आणि ती चूक माझीच आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षार्थींसाठी माहिती देणारे एक खाते आम्ही तिघी मिळून चालवत होतो. परीक्षेला सहा आठवडे उरले असताना मी रात्री एक पोल टाकला: 'अर्धा अभ्यास झाला का?' मते भराभर आली आणि त्यासोबत रिप्लायही आले. व्यावसायिक खात्यांना ठरावीक उत्तरे आधीच साठवून ठेवण्याची सोय असते. आम्ही तिचा भरपूर वापर करत होतो. त्या गर्दीत एका मुलाने लिहिले होते, 'नाही झाला. दोन महिने पुस्तक उघडलेले नाही.' मी न वाचताच साठवलेले उत्तर पाठवले: 'मनःपूर्वक धन्यवाद! तुमचा प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे.' शेवटी हसरा चेहरा. पलीकडून मिनिटाभरात एकच शब्द आला: 'ओके.' तोही मी तेव्हा पाहिला नाही.

या मुलाबद्दल पुढे सांगेन. त्याची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण यानंतरचा विषय हाच आहे.

प्रश्नपेटीत आलेले उत्तर तुम्ही आपल्या स्टोरीत सर्वांना दाखवता, तेव्हा इन्स्टाग्राम लिहिणाऱ्याचे नाव आणि फोटो दाखवत नाही. पुष्कळ जण इथेच निश्चिंत होतात. पण माणूस फक्त नावाने ओळखला जातो असे थोडेच आहे? एखादी बाई लिहिते, 'आमच्या विभागात मी एकटीच स्त्री आहे आणि बैठकीत माझे बोलणे नेहमी मधेच तोडले जाते.' तुम्ही ते उत्तर जसेच्या तसे वर चढवता. तिच्या कचेरीतला एक जरी सहकारी तुमचा फॉलोअर असेल, तरी नावाची गरज उरत नाही. आणि जो नेहमी 'खूप' ऐवजी 'लई' लिहितो, जो प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबे देतो, त्याला त्याचे मित्र एका ओळीत ओळखतात. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो वेळ मागतो. संवेदनशील उत्तर वर चढवण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावे, आणि त्याने होकार दिला, तरी आशय तेवढा ठेवून मजकूर आपल्या शब्दांत लिहावा. खासगी रिप्लायचा स्क्रीनशॉट काढून टाकणे तर मला कोणत्याही परिस्थितीत पटत नाही. लिहिणाऱ्याने तो मजकूर तुम्हा एकट्यासाठी पाठवलेला असतो.

वेळेचा मुद्दा तांत्रिक वाटेल, पण तो नीट समजून घ्यावा. स्टोरी २४ तासांनी जाते, कोणी पाहिली ती यादी इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकल्यापासून ४८ तासांपर्यंत दिसते, आणि रिप्लाय मात्र तसाच राहतो. दोन दिवसांनी तुम्ही इनबॉक्स उघडता, तेव्हा 'हो, मलाही तसेच वाटते' असे वाक्य समोर येते, पण कशाला 'हो', ते दाखवणारे चित्र तिथून गेलेले असते. आर्काइव्ह, म्हणजे जुन्या स्टोरी साठवून ठेवणारा कप्पा, चालू असेल, तर तुमची स्टोरी तुम्हाला तिथे सापडते; लिहिणाऱ्याकडे मात्र काहीच उरलेले नसते. म्हणून उशिरा उत्तर देताना पहिल्या वाक्यात संदर्भ जोडावा: 'मंगळवारी मी झोपेबद्दल जी स्टोरी टाकली होती, तिच्यावर तुम्ही लिहिले होते.' तुम्ही बाहेरचे सॉफ्टवेअर जोडून उत्तरे देत असाल, तर इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या नियमानुसार समोरच्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांचीच मुदत मिळते. माणसाने स्वतः लिहिलेल्या उत्तरासाठी ती सात दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. यंत्राच्या उत्तराला कमी मुदत आणि माणसाच्या उत्तराला जास्त, ही विभागणी मला विचार करायला लावते.

आणि 'रिक्वेस्ट' हा कप्पा रोज उघडा. जे तुमच्याशी कधीच बोललेले नाहीत, त्यांचे पहिले वाक्य बहुधा तिथे अडकलेले असते. नेहमीच्या दहा लोकांशी गप्पा मारत राहिल्याने इनबॉक्स भरलेला दिसतो आणि बुजरा माणूस दाराबाहेरच उभा राहतो.

त्रास देणाऱ्यांबद्दल थोडक्यात बोलते, कारण तिथे फार विचार करण्यासारखे नाही. स्टोरीला कोण उत्तर देऊ शकेल हे ठरवता येते. सर्वांना मुभा देता येते, फक्त तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांना देता येते किंवा उत्तरे पूर्ण बंद ठेवता येतात. २०१९ मध्ये आलेल्या 'रिस्ट्रिक्ट'मुळे समोरच्याला कळू न देता त्याचे संदेश बाजूला जातात, आणि २०२१ पासून नको असलेल्या शब्दांची यादी देऊन तसे संदेश गाळता येतात. ही साधने वापरताना, विशेषतः मुली, 'आपण उद्धट तर ठरत नाही ना' असा विचार करताना मी पाहते. मुळीच करू नका. स्टोरी सर्वांसाठी असली, म्हणून इनबॉक्स सर्वांचा होत नाही. अश्लील लिहिणाऱ्याला उत्तर देण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. मात्र जो वैतागून, पण मुद्द्याचे बोलतो आहे, त्याला या कप्प्यात ढकलू नका. 'तुम्ही परवा दिलेली तारीख चुकीची आहे, माझा हेलपाटा झाला' असे कोणी रागाने लिहिले, तर तो त्या दिवसाचा सर्वांत उपयोगी रिप्लाय असतो. त्याची माफी मागावी, आणि दुरुस्ती त्याच्या इनबॉक्समध्येच नव्हे, तर नव्या स्टोरीत सर्वांसमोर करावी, कारण चूक सर्वांसमोर झालेली आहे.

मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असा, की रिप्लाय पाहायला फार उशीर झाला, तर उत्तर द्यावे की आता राहू द्यावे? त्या मुलाकडे मी इथे परत येते. त्याचा 'ओके' मला तीन दिवसांनी दिसला. पोलची स्टोरी केव्हाच गेली होती. समोर त्याची दोन वाक्ये, माझे हसरे धन्यवाद आणि तो शब्द, एवढेच होते. बराच वेळ मी नुसती पाहत बसले. मग लिहिले, 'रविवारच्या अभ्यासाच्या पोलवर तुम्ही जे लिहिले, ते मी आज नीट वाचले. तेव्हा न वाचता तयार उत्तर पाठवले, ही माझी चूक झाली. दोन महिने पुस्तक उघडलेले नाही, हे तुम्ही आणखी कोणाला सांगितले आहे का?' उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. 'नाही. फक्त तिथेच लिहिले होते. वाटले, तिथे कोणी वाचत नसेल.'

त्यानंतर आठवडाभर आम्ही बोलत होतो, रोज दोन-चार वाक्ये. घरात सर्वांत आधी कोणाला सांगता येईल, यावरच बहुतेक बोलणे झाले. शेवटी त्याने मोठ्या बहिणीला सांगितले. ते साठवलेले धन्यवाद आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकले, आणि पुढचा पोल तेव्हा टाकला, जेव्हा आमच्या तिघींपैकी एकीची संध्याकाळ पूर्ण मोकळी होती.