'मेदासे'च्या पुढची ट्वी
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीपासून मुलांच्या मराठी वर्गापर्यंत सगळ्या विषयांवर आपण इथे बोलतो. ज्या देशात आपली चूल पेटते, त्याच्या भाषेबद्दल मात्र क्वचितच. म्हणून आज घानातल्या ट्वी भाषेबद्दल बोलते. उच्चार खरं तर 'च्वी'च्या जवळचा आहे, पण आपल्याकडे ट्वी रुळलंय, तर तेच राहू दे.

'अक्वाबा', म्हणजे स्वागत, आणि 'मेदासे', म्हणजे धन्यवाद, एवढं आपल्या सगळ्यांना येतं. गाडी तिथेच अडली आहे. घानाची राजभाषा इंग्रजी. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत सगळे आपल्याला इंग्रजीतून सांभाळून घेतात. अडत नाही, म्हणून आपण शिकत नाही. पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आपली माणसं ज्या भाषेत खळखळून हसतात, ती ट्वी असते. राजधानी अक्रा मूळची गा लोकांची, त्यांची भाषा वेगळी, तरी इथल्या बाजारात ट्वी सर्रास चालते, आणि कुमासीला गेलात तर विचारूच नका. आपण त्या हसण्याच्या बाहेर उभे असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टेमाच्या आपल्या एक काकू आज इथे आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्याबरोबर मी चवळी घ्यायला गेले होते. इथे धान्य ओलोंकानं मोजतात, ते पत्र्याचं डब्यासारखं माप सगळ्यांनी पाहिलंय. काकूंनी भाव विचारला नाही. आधी 'माची' म्हणाल्या, सकाळचा नमस्कार. विक्रेतीनं लगेच 'या एना' म्हटलं. मोठ्या बाईला असं उत्तर द्यायचं, वडीलधाऱ्या पुरुषाला 'या आजा', लहानाला 'या ओबा'. म्हणजे साध्या नमस्कारातच समोरच्याचं वय आणि मान ठरतो. मग घरची विचारपूस, आणि त्यानंतर 'एये सेन?', केवढ्याला? भाव ऐकून काकू 'मेपा वो चेव' म्हणाल्या, म्हणजे कृपा करा, आणि पुढे 'ते सो काक्रा', थोडं कमी करा. भाव उतरला नाही. काकूंनी एक स्वर बदलला: 'तो सो काक्रा', थोडं वर घाला. ती बाई मोठ्यानं हसली, ओलोंकावर शीग लावली आणि वर आणखी दोन मुठी टाकल्या. शेजारच्या दुकानातल्या बायका काकूंना 'अकोसुआ' म्हणून हाका मारत होत्या. रविवारी जन्मलेल्या मुलीचं ते नाव. मुलगा असता तर 'क्वासी'. घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे. तुमचा जन्मवार सांगा, तुम्हालाही इथलं नाव मिळेल.

आता शिकायचं कसं? मला वाटतं, आपण ट्वी इंग्रजीतून शिकायला जातो, म्हणून ती अवघड वाटते. पाणी आण, याला ट्वीत 'फा न्सुओ ब्रा' म्हणतात: घे, पाणी, ये. इंग्रजीतून आलेला माणूस इथे चक्रावतो. आपल्याला 'पाणी घेऊन ये' नवं आहे का? लिपीचंही तसंच. पुस्तकात के-वाय दिसलं की ते 'च', जी-वाय म्हणजे 'ज', एच-वाय म्हणजे 'श'. वही देवनागरीत घातली तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

खरी कसोटी सुरांची. ट्वीत अक्षर वरच्या सुरात आहे की खालच्या, यावर अर्थ बदलतो. 'पापा' म्हणजे सुराप्रमाणे चांगला, वडील किंवा पंखा. मराठी कानाला ही सवय नाही. आपल्यातल्या पंजाबी मित्रांना थोडी असेल, त्यांच्या भाषेत सूर आहे. ज्यांनी लहानपणी रुद्र म्हटलाय, त्यांना अक्षरांच्या वरच्या-खालच्या रेघा आठवत असतील. वहीत तशाच खुणा करा, आणि शब्द कधीही खुणेशिवाय पाठ करू नका. हे मी आग्रहानं सांगते, कारण सूर नंतर बसवू म्हणणाऱ्यांचा सूर मग बसत नाही.

परदेशी माणसाला ही भाषा किती खोल येऊ शकते, हे पाहायचं तर अक्वापिमच्या डोंगरातलं अक्रोपोंग आठवा. योहान गॉटलीब क्रिस्टालर हा जर्मन पाद्री बासल मिशनतर्फे १८५३ मध्ये इथल्या किनाऱ्यावर उतरला आणि अक्रोपोंगला काम करू लागला. त्यानं केलेलं ट्वी बायबलचं भाषांतर १८७१ मध्ये पूर्ण झालं, १८७५ मध्ये व्याकरण आलं, १८७९ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक म्हणींचा संग्रह आणि १८८१ मध्ये शब्दकोश. अभ्यासक आजही तो कोश उघडतात. आपल्याला मोल्सवर्थ आठवेल. त्याचा मराठी कोश १८३१ चा. पण क्रिस्टालरच्या कामात डेव्हिड असांते आणि थिओफिलस ओपोकू हे इथलेच लोक होते, आणि मोल्सवर्थच्या हाताशी मराठी पंडित होते. त्यांची नावं आपण मागे टाकतो, ते बरोबर नाही. 'ती कोरो न्को अजिना' ही अकान लोकांची, म्हणजे ट्वी बोलणाऱ्यांची, म्हण आहे: एकट्या डोक्याची मसलत होत नाही. भाषा तर एकट्यानं शिकताच येत नाही. मोबाइलवरचे धडे जरूर ऐका, पण रोज एका माणसाशी बोला, आणि त्याला सांगा की माझ्याशी इंग्रजीत वळू नकोस.

म्हणून मंडळाकडे माझी मागणी आहे. दर महिन्याच्या बैठकीआधी तासभर ट्वीचा वर्ग सुरू करावा, मोठ्यांचा आणि मुलांचा एकत्र. शिकवायला इथलेच ट्वीचे शिक्षक हवेत, आपल्यापैकी कुणी नको, मीही नको. सुरुवातीला फक्त नमस्कार, नाती आणि बाजार. शिक्षकांचं मानधन गणपतीच्या वर्गणीतून न काढता शिकणाऱ्यांनीच भरावं, असं माझं मत आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आज चहाच्या वेळी चिटणिसांकडे नाव द्यावं, आणि शनिवार सोयीचा की रविवार, तेही लिहावं.