काहिलीतली भेंडी आणि ब्लॉगची प्लगइन

श्रोतेहो, नमस्कार.

कागल तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मी तिथं जाते, फोटो काढते, गूळ करणाऱ्या गुळव्याशी गप्पा मारते आणि ते सगळं माझ्या ब्लॉगवर लिहिते. तीन वर्षांपूर्वी असाच एक लेख टाकला आणि हौसेनं मामांना फोन केला, "वाचलं का?" मामा म्हणाले, "अगं, तुझं पान उघडंस्तोवर माझी एक काहिल उतरली की!"

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई; ती उतरायला दोन-अडीच तास लागतात, तेव्हा मामांनी जरा फोडणी दिली होती हे खरं. पण पान रेंगाळत होतं हेही खरंच होतं. रात्री बसून मोजलं, तर ब्लॉगला मी २७ प्लगइन जोडलेली. किती लोक आले ते दाखवणारा आकडा, आपोआप वाजणारी बासरी, आणि एक तर पानावर बर्फ पाडणारं. कोल्हापुरात बर्फ! तो भर एप्रिलमध्येसुद्धा पडत होता.

प्लगइन म्हणजे ब्लॉगला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. माझा ब्लॉग ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते वर्डप्रेस २००३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्यात प्लगइनची सोय झाली. आज त्यांच्या अधिकृत संग्रहात ५० हजारांहून जास्त प्लगइन फुकट मिळतात. फुकट म्हटलं की आपला हात आवरत नाही, तसं माझं झालं. गूगलच्या ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांना ही भानगड नाही, तिथं मोजकी गॅजेट असतात.

मामांच्या गुऱ्हाळात रस तापू लागला की गुळव्या त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतो. त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. गोडी उसाची असते, भेंडीचं काम फक्त मळी काढण्याचं. मी तोच हिशेब लावला. जे प्लगइन वाचणाऱ्याच्या वाटेतली मळी काढतं तेवढंच ठेवायचं. २७ वरून ५ वर आले.

सगळ्यात जास्त मळी फोटोंची होती. मोबाइलवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. २०१९ पासून वर्डप्रेस फार मोठा फोटो स्वतःच २५६० पिक्सेलपर्यंत खाली आणतं, पण मामांच्या मोबाइलच्या पडद्याला तेवढाही जड. स्मश किंवा ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझर यांतलं एक प्लगइन फोटो चढवतानाच हलका करतं. वेबपी नावाच्या प्रकारात बदललेला फोटो, गूगलच्या मोजणीनुसार, तेवढ्याच दर्जाच्या नेहमीच्या जेपेग फोटोपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतो. एकच ठेवा बरं का. दोन ठेवलीत की एकाच फोटोवर दोघं राबतात.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचीच एक अडचण. तिला प्लगइन लागत नाही, पण ती मला कुणी सांगितली नव्हती म्हणून सांगते. लेखाचं नाव मी ठेवलं 'कागलच्या गुऱ्हाळात एक पहाट'. वर्डप्रेस त्या नावावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. त्या पत्त्याच्या सांकेतिक रूपात देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक उकार नऊ-नऊ चिन्हांची जागा खातो. मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं, तीही काना-मात्रा धरून! माझ्या पत्त्यातली पहाट उजाडायच्या आतच तुटली. आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला, की टक्क्यांच्या खुणांची मुंग्यांची रांग लागायची. आता लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा लिहिते. आधीच लिहा. नंतर बदललात तर लोकांनी जपून ठेवलेले जुने दुवे बिघडू शकतात.

नको त्या जाहिरातींचे प्रतिसाद अडवायला अकिस्मेट पुरतं. ते वर्डप्रेसबरोबरच येतं, फक्त चालू करून त्याची किल्ली (एपीआय की) घालावी लागते.

आणि राखीव प्रत, म्हणजे बॅकअप. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. आपण सामान ४३ ला हलवत नाही, ३९ लाच माळ्यावर चढवतो. २०१९ च्या पुरात कुंभार गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीच्या वह्या भिजून लगदा झाल्या, त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. अपड्राफ्टप्लस हे प्लगइन ठरल्या दिवशी ब्लॉगची प्रत गूगल ड्राइव्हवर नेऊन ठेवतं. त्यात लेखांचा डेटाबेस आणि फोटोंचे फोल्डर दोन्हींवर खूण केलीय ना, ते बघा. मी पहिल्या वेळी फोटो विसरले होते. ती प्रत परत चढवूनही एकदा बघा.

नवं प्लगइन घेताना ते शेवटचं कधी अद्ययावत झालं, एवढं तरी वाचा. वर्डप्रेसच्या ताज्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर तिथंच इशारा लिहिलेला असतो. माझं बर्फवालं त्यातलंच होतं.

साफसफाई झाल्यावर मामांना पुन्हा दुवा पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. "उघडलं गं, झटक्यात उघडलं. पर गुळव्याचा फोटू हाय, काहिलीचा हाय, बैलाचा बी हाय. माझा कुठाय?"