पत्राचं दुसरं पान

(गोव्यात फोंडा इथे बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझी भाची दोन पत्रं घेऊन घरी आली. अमेरिकेतल्या दोन मोठ्या सरकारी विद्यापीठांची. दोन्हीकडे इंजिनिअरिंगला प्रवेश, दोन्हीकडे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती. एकीकडे वर्षाला २५ हजार डॉलर, दुसरीकडे १५ हजार. बहिणीने पेढेसुद्धा आणले होते. भाची म्हणाली, "मामा, पंचवीसवालंच ना?" मी म्हटलं, "आधी दुसरं पान वाचू." आज मी जे बोलणार आहे ते त्या दुसऱ्या पानाबद्दलच.

पण ही शिष्यवृत्ती मुळात का देतात, ते आधी बघू. तिथली सरकारी विद्यापीठं त्या त्या राज्याची असतात. १८६२ साली लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्या कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. पर्ड्यू विद्यापीठ १८६९ चं, ओहायो स्टेट विद्यापीठ १८७० चं, ती यातलीच. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या गोव्यात गावकरी आहे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था. गावकरीच्या जमिनीच्या उत्पन्नातून गावची कामं व्हायची, बांध राखले जायचे आणि उरलेल्यातून गावकाराला, म्हणजे त्या संस्थेच्या वंशपरंपरागत सभासदाला, जोण म्हणजे वाटा मिळायचा. बाहेरून येऊन राहिलेल्याला जोण नाही. तिथली फी याच न्यायाने ठरते. राज्यातल्या मुलाच्या आईबापांनी कर भरलेला असतो, त्याला फी कमी. बाहेरच्याला दुप्पट, काही ठिकाणी तिप्पट. आपली मुलं तर पन्नासही राज्यांना परकी. गरजेप्रमाणे मिळणारी केंद्र सरकारची मदतही परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. उरते ती गुणवत्तेची शिष्यवृत्ती. ती हातात रोख येत नाही. परक्यांसाठीच्या चढ्या फीमधली ती सूट असते. म्हणून सूट किती हे विचारण्याआधी मूळ रक्कम किती हे विचारायला हवं.

मी तीस वर्षं उच्च माध्यमिकात गणित शिकवलं, त्यामुळे लगेच कागद-पेन घेतलं. पंचवीसवाल्या विद्यापीठात फी, राहणं, जेवण, विमा धरून वर्षाचा खर्च ५२ हजार डॉलर. सूट वजा जाता २७ हजार. पंधरावाल्याचा खर्च ४० हजार, उरले २५ हजार. म्हणजे ज्या पत्रावर पेढे वाटले, तेच दोन हजारांनी महाग. शिवाय सूट चारही वर्षं तेवढीच राहणार, खर्च मात्र वाढत जाणार. वर्षाला चार टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी फरक साडेतीन हजारांवर जातो आणि चार वर्षांचा मिळून जवळजवळ अकरा हजार डॉलर होतो. घरात तो आकडा कोणाच्याच मनात नव्हता.

आता दुसरं पान. शेत किंवा घर घेताना आपण एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद, किती बारकाईने बघतो! कुळ कोण, इतर हक्कात कोणाचं नाव, सगळं. शिष्यवृत्तीच्या पत्राचं दुसरं पान म्हणजे तो उतारा. तिथे लिहिलेलं असतं, ही सूट पुढच्या वर्षी कशावर टिकेल. पहिल्या विद्यापीठाची अट होती ३.५ सरासरीची, दुसऱ्याची ३ ची. अर्ध्या गुणाचा फरक किरकोळ वाटतो. पण तिथे ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. सरासरी ३ राखायची असेल तर एक सी भरून काढायला एक ए पुरतो. ३.५ राखायची असेल तर त्याच एका सीसाठी तीन ए लागतात. आणि पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे वर्ग दोनशे-तीनशे मुलांचे भरतात. आपली मुलं बोर्डाच्या एका परीक्षेसाठी वर्षभर तयारी करणारी. तिथे पहिल्या आठवड्यापासून गृहपाठाचेही गुण धरतात. हुशार मुलंसुद्धा पहिल्या सत्रात अडखळतात. त्यात त्यांचा दोष नसतो, पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. तेवढ्यात २५ हजारांची सूट गेली, तर ते आईवडील काय करणार? बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आपल्या गोव्यात एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडून मिळतं, त्याची चौकशी जरूर करा. पण ते कर्ज आहे, फेडायचं आहे. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यातून जेवणखर्चाचा भाग सुटतो, फी सुटत नाही.

आणखी एक ओळ शोधा: सूट किती सत्रं मिळणार? बहुतेक ठिकाणी आठ. पदवी नवव्या सत्रात गेली की त्या सत्राची पूर्ण फी.

पैशाचा हिशेब झाला की मग गाव बघा. आवडीनिवडीसाठी नाही, विषयासाठी. ॲरिझोना स्टेट विद्यापीठ टेंपीला आहे, फिनिक्सला लागून. जवळच चँडलरला इंटेलचा चिप बनवण्याचा कारखाना. अलाबामा विद्यापीठ टस्कलूसाला, १८३१ पासूनचं. त्याच्या जवळ व्हॅन्स इथे १९९७ पासून मर्सिडीजच्या गाड्या बनतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने आणि मेकॅनिकलच्या मुलाने या दोन नावांकडे एकाच नजरेने कसं बघायचं? इतक्या मोठ्या विद्यापीठांत लहान दारंही असतात. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट ऑनर्स कॉलेज, निवडक विद्यार्थ्यांसाठीचं, १९८८ पासून आहे. तिथे लहान वर्ग आणि नावाने ओळखणारे शिक्षक मिळतात. असं दार आपल्याला उघडेल का, हे प्रवेश घेण्याआधी विचारायचं.

भाचीने दोन्हीकडे ईमेल लिहिला. सरासरी घसरली तर सुधारायला एक सत्र मिळतं का? उन्हाळ्यातल्या विषयाचे गुण धरतात का? गेलेली सूट परत मिळते का? पंधरावाल्याकडून दोन दिवसांत तिन्ही प्रश्नांची उत्तरं आली. दुसरीकडून अभिनंदनाचं पत्रकच पुन्हा आलं. प्रवेश पक्का करायला १ मे ही मुदत होती. तिने २८ एप्रिलला पंधरावालं पक्कं केलं. तिचे बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मोठा आकडा सोडणं कोणत्याही बापाला कठीणच.

डिसेंबरात तिचा फोन आला, रडत. दोन ए, दोन बी आणि रसायनशास्त्रात सी. सरासरी ३.२. बारावीला तिला पंच्याण्णव टक्के होते. मी म्हटलं, "पत्र जवळ आहे ना? दुसरं पान काढ आणि मोठ्याने वाच." तिने वाचलं. तीनच्या आकड्यावर थांबली. मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, जानेवारीत एका प्रयोगशाळेत काम मिळतंय, घेऊ का?"