निवृत्तीच्या अलीकडची पाच वर्षं, पलीकडची पाच

मंडळी, निवृत्तीसाठी केलेल्या गुंतवणुकीकडे मागे वळून पाहताना बहुतेकांच्या मनात एकच रुखरुख असते: फंड चुकीचा निवडला का? हिशेब मांडून पाहिला की खरी चूक बहुधा दुसरीकडेच सापडते.

नोकरीची सुरुवातीची वर्षं घ्या. जमा दोन लाख आहे आणि चांगला फंड शोधून परतावा दोन टक्क्यांनी वाढवला, तर वर्षाला चार हजार जादा मिळाले. दरमहा साडेतीनशे जास्त बाजूला टाकले असते तरी तेवढे झाले असते, तेही खात्रीने. म्हणजे त्या काळात बचत किती होते ते महत्त्वाचं, परतावा दुय्यम. शेवटी हे उलटं होतं. जमा ऐंशी लाख असताना बाजार दहा टक्के उतरला तर आठ लाख गेले, आणि ते पगारातून भरून काढायला वेळ उरलेला नसतो. तरीही फंडांची तुलना करण्यात लोक पहिली दहा वर्षं घालवतात आणि शेवटची पाच वर्षं ‘आता काय, आलंच संपत’ म्हणून सोडून देतात. सगळ्यात महाग पडते ती ही ढिलाई.

कारण उचल, म्हणजे खर्चासाठी पुंजीतून पैसे काढणं, सुरू झाली की सरासरी परतावा फसवा होतो. उदाहरण मांडू. पुंजी शंभर लाख, चलन कोणतंही धरा. दरवर्षी सुरुवातीला सहा लाख काढायचे. पाच वर्षांचे परतावे असे: उणे २०, उणे १०, अधिक १०, अधिक २०, अधिक ३० टक्के. सरासरी सहा टक्के. काहीच काढलं नाही तर हे परतावे कोणत्याही क्रमाने आले तरी शंभराचे साडेतेवीस टक्क्यांनी वाढून १२३.५५ लाख होतात. पण उचल चालू असताना, घसरण आधी आली तर पाच वर्षांनी ७९.४२ लाख उरतात, आणि तेच आकडे उलट क्रमाने आले, चढ आधी नि उतार नंतर, तर ९६.५६ लाख. फरक सतरा लाखांचा. माणूस तोच, खर्च तोच, फंडही तोच. घसरलेल्या भावात विकलेली युनिट, म्हणजे फंडातले आपले हिस्से, पुढच्या तेजीत आपल्याकडे नसतात, म्हणून असं होतं.

यावर सांगितला जाणारा लोकप्रिय उपाय म्हणजे दोन वर्षांचा खर्च बाजूला रोख ठेवणे. वरच्याच उदाहरणात तो करून पाहा. बारा लाख बाजूला, अठ्ठ्याऐंशी बाजारात, पहिली दोन वर्षं बाजारातून काहीच काढायचं नाही. रोख रकमेवर व्याज धरलं नाही, तर शेवटी ८१.२७ लाख उरतात. म्हणजे जेमतेम एक लाख पंच्याऐंशी हजारांचा फायदा. रोख ठेव वाईट नाही. घाबरून सगळं विकण्यापासून ती माणसाला वाचवते, आणि तेवढ्यासाठी ती ठेवावी. पण घसरणीचा सगळा घाव ती झेलेल ही अपेक्षा चुकीची आहे.

आता दुसरा उपाय. घसरणीनंतरच्या दोन वर्षांत, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी, सहाऐवजी पाच लाखच काढा. शेवटी ८२.६८ लाख उरतात. दोन लाखांचा खर्च पुढे ढकलला आणि शिल्लक सव्वातीन लाखांनी वाढली. पहिली तीन वर्षं अर्धवेळ कामातून दरवर्षी दोन लाख आले आणि उचल चारवर आली, तर शिल्लक ८८.४१ लाख: सहा लाख कमी काढले, नऊ लाख जास्त राहिले. सुरुवातीच्या वर्षांत न काढलेल्या पैशाची ताकद इतकी असते.

तिसरा उपाय म्हणजे पुंजीचं वाटप. निम्मी रक्कम चार टक्के देणाऱ्या सुरक्षित ठिकाणी, निम्मी शेअरमध्ये, आणि दरवर्षी पुन्हा निम्मे-निम्मे करून घ्यायचे. घसरण आधी आली तर ८६.१६ लाख उरतात, चढ आधी आला तर ९४.६०. नशीब चांगलं असलेल्याला दोन लाखांचा तोटा, वाईट असलेल्याला पावणेसात लाखांचा फायदा. आपलं नशीब कोणतं ते निवृत्तीच्या दिवशी कळत नाही, म्हणून हा सौदा मला न्याय्य वाटतो. मात्र शेअरमधला हिस्सा निवृत्तीच्या आदल्या महिन्यात एकदम उतरवू नका. पाच वर्षं आधीपासून दरवर्षी थोडा थोडा खाली आणा. ऐनवेळी उतरवायला गेलं आणि नेमका बाजार पडलेला असला की हात थांबतो, आणि पुढे सगळंच लांबत जातं.

किती उचल चालेल? अमेरिकेतले सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये १९२६ पासूनचे तिथले परतावे तपासून चार टक्क्यांचा दंडक मांडला: पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढा, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवा, पुंजी तीस वर्षं पुरते. हा दंडक सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली, तो अमेरिकेच्या शेअर आणि सरकारी रोख्यांच्या परताव्यांवर बेतलेला आहे, आणि त्या शतकात तो बाजार जगातल्या बहुतेकांपेक्षा सुदैवी ठरला. दुसरी, त्यात सर्वांत वाईट वेळ आली ती १९२९ मध्ये बाजार कोसळण्यापूर्वी निवृत्त झालेल्यांवर नव्हे, तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांवर. १९७३-७४ मध्ये बाजार जवळपास निम्म्यावर आला आणि त्याच दशकात महागाईने उचलीचा आकडा सतत वर ढकलला. मंदीपेक्षा मंदी आणि महागाई यांची जोडगोळी जास्त घातक. महागाई सहा टक्के असेल तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, चोवीस वर्षांत चौपट. म्हणून सगळी पुंजी ठेवीत घालणं सुरक्षित दिसतं, तरी तीस वर्षांसाठी ते तसं नसतं.

एकाच देशाच्या बाजारावर सगळी भिस्त ठेवणंही धोक्याचं. जपानचा निक्केई हा शेअर निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला २०२४ च्या फेब्रुवारीत. मधली चौतीस वर्षं म्हणजे एखाद्याची अख्खी निवृत्ती. आणि रोख्यांना सुरक्षित म्हणताना त्यांची मुदत पाहा. फंडाच्या माहितीपत्रकात ड्युरेशन नावाचा आकडा असतो. तो सात असेल तर व्याजदर एक टक्का चढल्यावर रोख्यांची किंमत साधारण सात टक्के उतरते. २०२२ मध्ये व्याजदर झपाट्याने चढले तेव्हा अमेरिकेत शेअर आणि रोखे दोन्ही एकाच वर्षी दोन अंकी टक्क्यांनी पडले. तीन वर्षांत लागणारा पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत असू नये, एवढं त्यातून पक्कं घ्यावं.

नोकरी देणाऱ्या कंपनीचे शेअर साठवणं हा आणखी एक जुना दोष. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी २००१ मध्ये बुडाली, त्याआधी तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून जास्त पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता. पगार आणि पुंजी एकाच दिवशी गेली. असे शेअर मिळत असतील तर विकण्याची मुभा मिळताच विकून पैसे इतरत्र पसरवावेत. आणि फंडाच्या शुल्काचं प्रमाण: एक लाख तीस वर्षं आठ टक्क्यांनी १०.०६ लाख होतात, सात टक्क्यांनी ७.६१. वर्षाचा एक टक्का शुल्क म्हणजे अखेरच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा. यावर अधिक बोलायची गरज नाही.

तर निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना कागद घेऊन बसा. वर्षभराचे खर्च तीन रकान्यांत लिहा: न टळणारे, पुढे ढकलता येणारे, आणि दर काही वर्षांनी येणारे, जसं घराची दुरुस्ती, वाहन, दातांची नि डोळ्यांची कामं. तिसरा रकाना बहुतेकजण विसरतात आणि मग चौथ्या-पाचव्या वर्षी उचल अचानक दीडपट होते. त्या खर्चाला वर्षांनी भागून दरवर्षीच्या आकड्यात धरा. त्यातून पेन्शन, भाडं असं ठरलेलं उत्पन्न वजा करा. उरलेल्या रकमेला पुंजीने भागून शंभराने गुणा. उत्तर चारच्या खाली आलं तर पाया भक्कम आहे. सहाच्या वर आलं तर अजून पाच वर्षं हातात आहेत हीच मोठी गोष्ट. खर्च, निवृत्तीची तारीख किंवा अर्धवेळ काम यांपैकी काहीतरी आताच हलवता येतं. न टळणारे खर्च मात्र शक्यतो आयुष्यभर मिळणाऱ्या उत्पन्नातून भागावेत. पेन्शन अपुरी असेल तर पुंजीच्या एका भागातून वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराचं ठरलेलं उत्पन्न, घेण्याचा विचार करावा, आणि ती पती-पत्नी दोघांच्याही हयातीची असावी. एकाच्याच हयातीची वार्षिकी दर महिन्याला थोडी जास्त देते, म्हणून निवडली जाते, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचं उत्पन्न त्या महिन्यापासून बंद होतं.

रोख ठेव पुन्हा कधी भरायची हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. साधा नियम चालतो: ज्या वर्षी शेअरचा हिस्सा ठरलेल्या प्रमाणाच्या वर गेला असेल, त्या वर्षी वरचा भाग विकून ठेव भरायची; खाली असेल तर ठेवीतून आणि रोख्यांतून खर्च करायचा, आणि ढकलता येणारे खर्च ढकलायचे. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. पंचाहत्तरी गाठण्याआधी खाती दोन-तीनवर आणा, प्रत्येकावर नामनिर्देशन झालंय का ते तपासा, आणि हा कागद घरात दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा.