उजनीच्या पाण्यावरची मीनखाई घार

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरतो, उजनी भरते आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. बहुतेक जण जातात ते रोहित पक्ष्यांचे थवे बघायला. आजचं बोलणं मात्र त्याच पाण्यावर एकट्याने वावरणाऱ्या एका शिकारी पक्ष्याबद्दल आहे. मराठी पुस्तकांत तिला मीनखाई घार म्हणतात. पक्षीनिरीक्षकांच्या आणि कुंभारगावच्या होडीवाल्यांच्या तोंडी मात्र ऑस्प्रे हेच नाव आहे.

पुणे जिल्ह्यात ऑस्प्रेचं घरटं बघायला मिळणार नाही. ती अंडी घालते उत्तरेकडच्या थंड प्रदेशात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरते आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहते. एप्रिलनंतरही एखादी दिसली, तर ती बहुधा लहान वयाची असते, कारण पिल्लं पहिला उन्हाळा हिवाळी मुक्कामाच्या ठिकाणीच काढतात. म्हणजे तिच्या वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग आपल्या धरणांवर जातो आणि त्या काळात तिला करायचं असतं एकच काम: रोज मासा पकडायचा आणि तो निवांत खायचा. यातलं पकडणं आपण अगदी हौसेने बघतो. खाणं मात्र आपल्यामुळेच अनेकदा मोडतं, आणि म्हणून आज त्याबद्दल जरा जास्त बोलायचं आहे.

आधी ओळख. दुरून उडताना ती घारीपेक्षा एखाद्या मोठ्या कुरवासारखी, म्हणजे सीगलसारखी वाटते. पंख लांब, अरुंद आणि मनगटाशी मुडपलेले. पोट पांढरंशुभ्र, पंखाखाली मनगटाजवळ काळसर डाग, पाठ गडद तपकिरी. डोकं पांढरं आणि डोळ्यातून मानेपर्यंत गेलेला जाड काळा पट्टा. हा पट्टा दिसला की शंका उरत नाही. गोंधळ होतो तो ब्राह्मणी घारीशी, कारण तिचंही डोकं पांढरं असतं. पण ब्राह्मणी घारीचं अंग विटकरी असतं आणि ती पाण्यात बुडी घेत नाही, पृष्ठभागावरचं भक्ष्य पंजाने उचलून नेते. साध्या घारीची शेपटी दुभागलेली असते, तिचा प्रश्न येत नाही. पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं ओळखायची तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाठ नीट बघा. प्रत्येक पिसाला फिकट कडा असते, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. डोळाही मोठ्यांसारखा पिवळा नसून नारिंगी असतो. मादी नरापेक्षा मोठी असते आणि तिच्या छातीवरचा तपकिरी पट्टा सहसा जास्त ठळक असतो, पण एवढ्यावरून नर-मादी छातीठोकपणे सांगू नये.

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. उजाडताना पाण्यावर असायचं तर पहाटे साडेचारपर्यंत निघायला हवं. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी आहे. काठावर बसून बघणार असाल आणि तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण मिळाली, तर उत्तमच. खडकवासला, पवना, वीर या जलाशयांवरही हिवाळ्यात नजर ठेवावी, पण दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त उजनीवरच. त्याचं कारण पाण्याखाली आहे. उजनीत चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, अमाप आहे. ती कडेच्या उथळ, उबदार पाण्यात आणि बरेचदा पृष्ठभागाजवळ वावरते. ऑस्प्रे जेमतेम एक मीटर खोलीपर्यंतच पोचू शकते, तळाशी राहणारा मासा तिच्या काही कामाचा नाही. जानेवारीनंतर धरणातलं पाणी ओसरू लागतं, उथळ भाग वाढतो आणि शिकार काठाजवळ दिसू लागते.

आता शिकार. पाण्यावरून साधारण दहा ते चाळीस मीटर उंचीवर ती गस्त घालते. मासा दिसला की जागच्या जागी पंख मारत, पाय लोंबकळते सोडून थांबते. थांबताना तोंड वाऱ्याकडे असतं. म्हणून वारा तुमच्या पाठीवर असेल अशी जागा धरली, तर चेहरा समोरून दिसतो. सूर्यही पाठीशी मिळाला तर दुधात साखर. दोन्ही जमत नसेल तर सूर्याला महत्त्व द्या, कारण चमकत्या पाण्यावर समोरून उजेड आला की पक्षी नुसता काळा दिसतो.

सूर मारताना सुरुवातीला डोकं खाली असतं. शेवटच्या क्षणी पाय पुढे येतात, पंख मागे जातात आणि पाण्यात आधी पंजे शिरतात. तिच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते. तळव्यावर बारीक काटेरी खवले असतात, निसटता मासा त्यांत रुततो. नाकपुड्या मिटतात, पाणी आत जात नाही. मासा हाती लागला की पाण्यावरून उठायला दोन-तीन जोरकस फटकारे मारावे लागतात. थोडी उंची गाठल्यावर ती उडता उडताच अंग झटकून पाणी उडवते आणि मासा पंजात फिरवून त्याचं डोकं पुढे करते, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. कॅमेरा घेऊन गेलेले बहुतेक जण सूर संपताच कॅमेरा खाली करतात. हे झटकणं आणि मासा फिरवणं बघायचं राहून जातं.

सूर वाया जाणं रोजचंच आहे. वाऱ्याने लाटा उठल्या की खालचं दिसत नाही. पाण्यातला मासा वरून असतो त्याहून उथळ भासतो आणि नजर जितकी तिरकी तितका हा फसवेपणा वाढतो. मासा अचानक खोल गेला, तर ती अर्ध्यावरून सूर मोडते. तरुण पक्ष्यांचे सूर जास्त फुकट जातात. एक समज मात्र सोडून द्यावा. मोठ्या माशात नख्या अडकतात, त्या सोडता येत नाहीत आणि ऑस्प्रे बुडून मरते, असं सांगितलं जातं. नख्या ती हवी तेव्हा सोडू शकते. मासा फार जड वाटला की सोडूनही देते.

एका पक्ष्याला दिवसाला अंदाजे तीनशे ग्रॅम मासा लागतो. म्हणजे एखादी मध्यम चिलापी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सकाळी पकडलेला तो एक मासा म्हणजे तिचा जवळपास दिवसभराचा घास. तो घेऊन ती एखाद्या वठलेल्या झाडावर, पाण्यातल्या खुंटावर किंवा विजेच्या मनोऱ्यावर बसते आणि डोक्याकडून खायला लागते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, मासा मोठा असेल तर त्याहून जास्त. या वेळात घारी आणि कावळे टपलेलेच असतात. त्यातच एक होडी सरळ खुंटाच्या दिशेने आली तर ती मासा घेऊन उडते. जड मासा घेतलेली, नीट वेग न धरलेली ऑस्प्रे हवेत दिसली की घारी पाठलाग करतात आणि बऱ्याचदा मासा खाली पडतो. मग पुन्हा गस्त, पुन्हा सूर. सुट्टीच्या दिवशी एकाच खुंटाकडे एकामागून एक होड्या जाऊ लागल्या, तर तिला एकही मासा पुरता खाता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. होडीत बसतानाच सांगा, "दादा, जवळ नको, लांबूनच दाखवा. पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण देऊ." हे आधी बोलणं फार गरजेचं आहे. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणूनच होडी पुढे नेली जाते. कुंभारगावच्या होडीवाल्यांना पक्षी आपल्याहून चांगले कळतात, पण जवळून फोटो मिळाला तर वर बक्षिशी देण्याची सवय त्यांना लावली ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी, आणि ती मोडायचीही आपणच. खाणाऱ्या पक्ष्यापासून निदान शंभर मीटर अंतर ठेवा. इंजिन असेल तर बंद करून वल्ह्यावर या. सरळ रोख धरू नका, तिरके सरका. तिने खाणं थांबवलं, मान उंच करून तुमच्याकडे बघायला लागली किंवा पाय बदलून पुढे झुकली, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आला आहात. त्याच क्षणी थांबा आणि मागे व्हा. विष्ठा टाकली तर ती उडायच्याच बेतात आहे, असं समजा. ड्रोन तर अजिबात उडवू नये. ऑस्प्रे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि तिला त्रास देणं गुन्हा आहे.

घरटं बघायची हौस असेल, तर ती घरबसल्या भागते. परदेशातल्या काही घरट्यांवर कॅमेरे आहेत आणि त्यांचं थेट चित्रण इंटरनेटवर दिसतं. ऑस्प्रे माणसाशेजारी कशी राहते, हे तिथे समजतं. ब्रिटनमध्ये अंडी चोरणाऱ्यांमुळे आणि शिकारीमुळे ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीशी झाली होती. १९५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टन तळ्याकाठी एक जोडी परतली. तिथल्या पक्षीसंस्थेने घरट्यावर पहारा बसवला आणि १९५९ मध्ये ते दुरून बघण्यासाठी लोकांना खुलं केलं. लपवण्याऐवजी लोकांच्या नजरेखाली ठेवून राखण करायची, हा निर्णय धाडसाचा होता आणि माझ्या मते अगदी योग्य. पुढे इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या माणसाने बांधलेल्या जलाशयावर १९९६ पासून स्कॉटलंडची पिल्लं आणून सोडली आणि २००१ मध्ये तिथे घरटं झालं. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन ती उबवतानाच फुटत होती. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि पाण्याकाठी खांबांवर लाकडी मचाणं उभारली गेली, त्यांवर ऑस्प्रे निःसंकोच राहते. पण माणसाच्या शेजाराचा त्रासही आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात गवताच्या गाठी बांधायची प्लास्टिकची दोरी ती घरट्यात आणते आणि तिच्यात पिल्लांचे पाय अडकतात.

कॅमेऱ्यावर अंडी एप्रिलमध्ये बघायला मिळतात. ती बहुधा तीन असतात आणि उबवणं पाच-सहा आठवडे चालतं. पिल्लं एकदम न निघता दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने निघतात, त्यामुळे मासे कमी पडले तर धाकट्यालाच उपाशी राहावं लागतं. उडायला सात-आठ आठवडे लागतात. ब्रिटनचं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तिथली पहाट बघायला आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला बसावं. तिथले पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात, आपल्याकडे येणारे वेगळे.

हे बघून पुण्याजवळही मचाण बांधावं, असं कुणाच्या मनात येईल. त्याचा उपयोग नाही, इथे ती अंडी घालतच नाही. तिला इथे लागतात बसायच्या जागा. म्हणून पाण्यातली वठलेली झाडं सरपणासाठी तोडू नयेत, आणि पाणी ओसरल्यावर चिखलात राहिलेली फाटकी नायलॉनची जाळी आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गोळा करून बाहेर काढावी.

जाळ्यात अडकलेली ऑस्प्रे सापडलीच, तर जाड टॉवेल टाकून आधी डोकं झाका. अंधार झाला की ती शांत होते. मग दोन्ही पाय नख्यांच्या वरून घट्ट धरा, कारण चोचीपेक्षा पंजा घातक असतो. जाळं ओढू नका, पक्ष्याभोवतीचा तुकडा कात्रीने मोकळा करा. अंगात रुतलेला धागा तसाच राहू द्या. पाणी पाजू नका, मासा भरवू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पंख धड दिसला तरी तिथल्या तिथे सोडायची घाई करू नका. आवळलेल्या पंखाची इजा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उघड होते, आणि तोवर ती पुन्हा पाण्यावर गेली असेल तर वाचवता येत नाही.