चौदा हातांचा भाला उचलायचा कसा? मॅसिडोनियाचा सारिसा

नमस्कार मंडळी! फालँक्सचा, म्हणजे दाट रांगांत उभ्या भालेकऱ्यांच्या फळीचा, विषय निघाला की कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न येतो: "सहा मीटरचा भाला माणूस धरेल कसा? फेकूगिरी आहे ही." तर आज फक्त सारिसा, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडल्या मॅसिडोनियाचा हा लांब भाला.

मागचं भराभर उरकतो. ग्रीक हॉप्लाइटचा, म्हणजे ढाल-भालावाल्या पायदळ सैनिकाचा, भाला म्हणजे डोरू. दोन-अडीच मीटरचा, एका हातात धरायचा, कारण दुसऱ्या हातात तीन फुटी गोल ढाल. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा सेनापती इफिक्रेटिस यानं भाले लांबवले. ग्रीक इतिहासकार डायोडोरस म्हणतो दीडपट, रोमन चरित्रकार नेपोस म्हणतो दुप्पट. मग इ.स.पू. ३५९ मध्ये शेजारच्या इलिरियन लोकांशी लढताना मॅसिडोनियाचा राजा पर्डिकस पडला, सोबत चार हजार माणसं गेली. गादीवर आला भाऊ फिलिप, आणि सारिसाधारी फालँक्स उभा राहिला तो त्याच्या हाताखाली.

लांबी ग्रीक लोक कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजत. म्हणजे आपला हातच की! साधारण ४५ सेंटिमीटर. वनस्पतींवर लिहिणारा ग्रीक थिओफ्रास्टस सर्वांत लांब सारिसा १२ हात सांगतो, इतिहासकार पॉलिबियस १४. चौदा हात म्हणजे सव्वासहा मीटर.

आता खरी गोम. हा भाला मधोमध धरत नाहीत! पॉलिबियस हिशेबच देतो: सैनिकाच्या दोन पकडींमधलं अंतर आणि मागचा तोल सांभाळणारा भाग मिळून चार हात मागे, दहा हात पुढे. एकसारख्या जाडीचा वासा घेतलात तर त्याचा तोल सातव्या हातावर, आणि तुमची पकड चौथ्यावर. टोक जमिनीला टेकणारच. बांबू घेऊन करून बघा, पण घराबाहेर.

म्हणून तोल मागे खेचावा लागतो. दांडा टोकाकडे निमुळता, पातं लहान, बूड जड. पुढच्या टोकाला १०० ग्रॅम वाढवलेत की बुडाला २५० ग्रॅमचा पासंग हवा, कारण प्रमाण दहाला चार.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. मॅसिडोनियन राजांच्या थडग्यांच्या व्हर्जिना गावी उत्खननात अर्धा मीटर लांबीचं, सव्वा किलोच्या आसपासचं पातं मिळालं, आणि किलोभराचं बूडही. लोक दोन्ही एकाच दांड्याला ठोकतात आणि म्हणतात, झाला सारिसा. अहो, पुढं सव्वा किलो, तेही साडेचार मीटरवर. मागं एक किलो, पावणेदोन मीटरवर. कसा राहील तोल? ते पातं सारिसाचं होतं का, यावरच अभ्यासकांत वाद आहे. लहान पातं लावा, सगळं जुळतं. ध्वजपथकातल्या पोरांना विचारा: काठी वजनानं नाही, टोकानं दमवते.

"सारिसा कॉर्नेल नावाच्या झाडाच्या लाकडाचाच" हेही थांबवा. थिओफ्रास्टस त्या झाडाची उंची सांगताना सारिसाशी तुलना करतो, एवढंच. लाकूड तेच, असं तो म्हणत नाही. अ‍ॅश या झाडाचं लाकूड हेही तगडं दावेदार आहे.

दोन्ही हात अडकले, मग ढाल? ती लहान, सुमारे दोन फुटांची, पट्ट्यानं खांद्याला लटकवलेली. प्रत्येक रांग पुढच्यापेक्षा दोन हात मागे, म्हणून पहिल्या माणसापुढे दहा, आठ, सहा, चार, दोन हात अशी पाच पाती येतात. सहाव्या रांगेपासून मागचे भाले तिरपे वर. ते येणारे बाण-भाले अडवतात, आणि पुढच्याच्या पाठीत घुसत नाहीत, हेही महत्त्वाचं.

एवढे भाले घेऊन झटकन मागे वळणं मात्र विसरा. इ.स.पू. १९७, रोमविरुद्धची किनोस्केफालीची लढाई: एका रोमन ट्रिब्यूननं (सैन्याधिकाऱ्यानं) वीस मॅनिपल (रोमन तुकड्या) घेऊन मागून हल्ला चढवला. मॅसिडोनियन सैनिकांनी सारिसा सरळ उभे धरले. त्यांच्यात याचा अर्थ 'शरण आलो'. रोमन सेनापती फ्लॅमिनिनसला तो कुणीतरी समजावून सांगितला, पण तोवर त्याची पुढची फळी कापाकापीला लागली होती.